निनावी नाही ती

"त्या दगडावर खोटं कोरलंत, तर मी स्वतः छिन्नी घेऊन येईन," डिम्फ्ना म्हणाली. "आणि मला छिन्नी चालवता येत नाही, तेव्हा अख्खा दगड खराब होईल. आधीच सांगून ठेवते."

बार्टलीज पबच्या मागच्या खोलीत आमच्या उत्सव समितीची बैठक चालू होती. मंगळवार, दुपारचे तीन. अध्यक्ष जरलथ गेराटी, म्हणजे या पबचा मालकच, चहात चमचा फिरवायचा थांबला. मी समितीचा चिटणीस, मॅलाकी फेही. अशा वेळी चिटणिसाने वहीत डोकं घालायचं असतं, तसं मी घातलं.

भांडण एका रीलवरून होतं. रील म्हणजे आमच्याकडची नाचाची जलद धून. दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, नाचणाऱ्यांचे पाय दुखेपर्यंत. आमच्या ड्रमकॉर गावाचं नाव चार परगण्यांपलीकडे कोणाला माहीत असेल तर ते या एका रीलमुळे. बोस्टनला वाजते, जपानमध्येही वाजते म्हणे. ऑगस्टच्या उत्सवात चौकात तिचा दगड बसवायचा, असं आम्ही ठरवलं होतं. वर सुरांची ओळ आणि खाली 'बार्टली गेराटीची रील'. बार्टली हा जरलथचा आजोबा. पबला नाव त्याचंच, भिंतीवरचा फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवतानाचा फोटोही त्याचाच.

"ती माझ्या आईची आहे," डिम्फ्ना म्हणाली. "बार्टलीने ती आमच्या स्वयंपाकघरात ऐकली आणि उचलली."

"डिम्फ्ना, हे तू चाळीस वर्षं सांगतेयस."

"आणि तू चाळीस वर्षं ऐकत नाहीयेस. त्याला मी काय करू?"

"पुरावा आण," जरलथ म्हणाला. तो तसा वाईट माणूस नाही. आवाज चढवत नाही, हसून बोलतो, आणि शेवटी त्याला हवं तेच होतं. "दगडवाल्याला पंधरा दिवसांत मजकूर द्यायचाय. तोवर आण, आपण बघू."

"आणते," असं म्हणून डिम्फ्नाने कोट चढवला आणि बैठक संपायच्या आत निघून गेली.

डिम्फ्ना लोहन तेव्हा सत्तर वर्षांची होती. गावाचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या मागची एक अंधारी खोली, आणि त्या खोलीत वीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेली डिम्फ्ना. कोणाची सोयरीक का मोडली, कोणाचा मुलगा लंडनला खरं काय करतो, पाद्रीबाबा शर्यतीच्या घोड्यांबद्दल कोणाला विचारतात, सगळं तिच्या कानांवरून गेलं आणि तिथेच राहिलं. पुढे फोन आपोआप लागायला लागले आणि तिला पोस्टातल्याच तिकिटांच्या खिडकीत बसवलं. लग्न केलं नाही. आईची कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत मावणारी ती सहा कोनी छोटी पेटी, तिच्याकडे आली, आणि रविवारी दुपारी आम्ही दहा-बारा जण बार्टलीजमध्ये वाजवायला जमतो तिथे ती गेली तीस वर्षं माझ्या डाव्या बाजूला बसते. वाजवते बेताचंच. हे मी तिच्या तोंडावर म्हणायची हिंमत करणार नाही.

पण धुनांची पाळंमुळं खणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याचं कारण आमची एक रीत. धुनेचं नाव ठाऊक नसलं तर ती ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव तिला द्यायचं. आणि स्वतः रचली असली तरी स्वतःचं नाव कधी लावायचं नाही. तसं करणारा माणूस शेफारलेला समजतात. त्यामुळे एकच धून या गावात पॅटची, पुढच्या गावात मेरीची, आणि नदीपलीकडे तिसऱ्याच कोणाची. डिम्फ्नाकडे बुटांचा एक खोका होता, त्यात टेलिफोनच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठी या एका रीलचा सगळा प्रवास लिहिलेला. त्रेसष्ट साली एका नाचाच्या बँडने तिची तबकडी काढली. एका बाजूला दोन रीली होत्या, वाजवताना त्यांनी ऐनवेळी क्रम बदलला, आणि तबकडीवरचा कागद तर आधीच छापलेला. झालं! पुढची वीस वर्षं अर्धा परगणा आमच्या रीलला 'वाकडं फाटक' म्हणत होता, आणि खरी 'वाकडं फाटक' बिचारी नावाशिवाय हिंडत होती. चौऱ्याहत्तर साली केस वाढवलेल्या पोरांनी ती 'बार्टली गेराटीची' म्हणून वाजवली आणि ती जगभर गेली. एका अमेरिकन बाईने 'पाद्र्याची सायकल' म्हणून ध्वनिमुद्रित केली. का, ते त्या बाईलाच माहीत. अशी एकूण अकरा ध्वनिमुद्रणं, सात नावं.

या सगळ्या वाटा मागे मागे जात एकाच दिवशी येऊन थांबत होत्या. सत्तावन्न सालचा मार्च. हेशन नावाचा एक संग्राहक डब्लिनहून मोटारीत फितीचं यंत्र घालून आला आणि लोहनांच्या स्वयंपाकघरात त्याने दुपारभर गाववाल्यांचं वाजवणं टिपून घेतलं. त्याच्या वहीची छापील यादी डिम्फ्नाला तोंडपाठ होती. चौदावी नोंद: मिसेस डीलिया लोहन, कॉन्सर्टिना, रील, निनावी. पंधरावी: बार्टली गेराटी, फिडल, बार्टली गेराटीची रील.

"चौदावी आणि पंधरावी एकच धून आहे, मला खात्री आहे," ती मला म्हणायची. "आई ती कोंबडी सोलताना गुणगुणायची. आधी आईने वाजवली, मागाहून त्याने."

"पण तू तर तिथेच होतीस. ऐकलं नाहीस?"

"अकरा वर्षांची होते मी. कुत्रा भुंकला तर फीत वाया जाईल म्हणून मला कुत्र्यासकट गोठ्यात बसवलं होतं. त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून." हे सांगताना इतक्या वर्षांनीही तिचा जबडा आवळायचा. "आयुष्यात आईने एकदाच बाहेरच्या माणसांपुढे वाजवलं, मॅलाकी. आणि मी कुत्रा धरून बसले."

डीलियाच्या सासूला बायकांनी वाजवलेलं खपत नसे. अंडी विकून घेतलेली ती पेटी डीलिया कोंबड्यांच्या खुराड्यात लपवायची आणि तिथेच वाजवायची. ती गेली तेव्हा डिम्फ्ना तेवीस वर्षांची होती. थडग्यावर सुद्धा 'जॉन लोहन आणि पत्नी' एवढंच आहे. डिम्फ्नाला आईचं नाव कुठेतरी, कशावर तरी हवं होतं. बाकी काही नाही.

हेशनच्या फिती पन्नास-साठ वर्षं पत्र्याच्या डब्यांत पडून होत्या. त्या वसंतात डब्लिनच्या ध्वनिसंग्रहालयाने त्या दुरुस्त करून ऐकण्याजोग्या केल्या. डिम्फ्नाने फोन लावला, गुरुवारची वेळ घेतली, आणि मला सांगितलं की तू मला नेणार आहेस. जन्मभर पावाची गाडी चालवली मी. लोकांना वाटतं मला गाडी चालवायला आवडतं.

संग्रहालयातल्या मुलीचं नाव ऑर्ना. तिने आम्हा दोघांच्या कानांना यंत्रं लावली आणि चौदावी नोंद सुरू केली.

आधी नुसती खरखर. मग घड्याळाची टिकटिक, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग पेटीने श्वास घेतला आणि रील सुरू झाली. मी ती हजार वेळा वाजवली असेल, पण अशी कधी ऐकली नव्हती. घाई नाही, मिरवणं नाही, आणि पाय जमिनीवर पडतोय तो बुटाचा नव्हे, मोज्याचा. डिम्फ्नाने डोळे मिटले होते. दोनदा फिरून धून संपली आणि एक पुरुषी शहरी आवाज म्हणाला, "छान, मिसेस लोहन. नाव काय हिचं?"

"ही होय? ही नोनी कॉलीची," बाईचा आवाज म्हणाला. घोगरा, ठाम. "ती बादल्यांना बूड लावायला येते ना आमच्याकडे, तिच्या तोंडून घेतली मी."

मागून कोणीतरी हसलं. बार्टली गेराटी, त्याचा आवाज मला लहानपणापासून माहीत. "अहो, राहू द्या हो. कल्हईवाल्यांची नावं कशाला घालताय तुमच्या वहीत? निनावी लिहा."

"निनावी नाही ती," बाई म्हणाली. "नोनीची आहे."

खट् करून फीत थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा बार्टली फिडलवर तीच रील वाजवत होता, जरा जास्तच जोरात. संपल्यावर शहरी आवाजाने नाव विचारलं. "माझीच म्हणा की," बार्टली म्हणाला, आणि सगळे हसले.

ऑर्नाने विचारलं, "पुन्हा ऐकायचंय?" डिम्फ्नाने होकाराची मान हलवली. तिने तो भाग सहा वेळा ऐकला. वाजवणं नव्हे, नुसतं बोलणं.

परत येताना अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो तिथे म्हणाली, "तिचा आवाज इतका जाड होता हे मी विसरले होते." मग रुमाल काढला आणि उघडपणे रडली, माणसं बघत होती तरी.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "हे बघ, आईने बार्टलीच्या आधी वाजवली, हे तर सिद्ध झालं ना? समितीला तेवढंच सांगू. पुढचं बोलणं ऐकायला डब्लिनला कोण जातंय? दगडावर डीलिया लोहनची रील. खोटंही नाही फारसं."

"फारसं," ती म्हणाली.

"अगं, तू साठ वर्षं—"

"किती वर्षं ते मला माहीत आहे. तू मला शिकवू नकोस." तिने कप बाजूला सारला. "भरल्या घरात ती एकटी त्या दोघा पुरुषांना म्हणाली, निनावी नाही ती. सासू खुर्चीत बसलेली असताना म्हणाली. आणि आता मीच तिला खोटी पाडू? ऊठ. गाडी काढ."

कॉली हे फिरस्त्यांचं घराणं. पूर्वी दर वसंतात त्यांचे गाडे आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरायचे, पत्र्याची कामं करायचे आणि घोडे विकायचे. आता पत्र्याचं काम उरलं नाही आणि गल्लीच्या तोंडाशी कौन्सिलने मोठाले दगड टाकलेत, गाडे उतरू नयेत म्हणून. नोनीची नात विनी कौन्सिलच्या डेपोमागच्या घरांत राहते आणि जत्रांतून गालिचे विकते. शनिवारी आम्ही तिचं दार वाजवलं.

पन्नाशीची उंच बाई, कानात मोठ्या सोन्याच्या कड्या. आम्हाला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "कौन्सिल का शाळा?"

"काय?" मी म्हणालो.

"तुमच्यासारखी दोघं दारात आली की एक तर कौन्सिल असतं, नाहीतर शाळा. माझी पोरं मोठी झाली. म्हणजे कौन्सिल."

"मी डिम्फ्ना लोहन, ड्रमकॉरची."

"ओळखते की. तिकिटांच्या खिडकीतली. तू पाकीट हातात द्यायचीस. बाकीचे टेबलावरून सरकवायचे." विनी बाजूला झाली. "ये आत. ह्याला पण आण, ओला होतोय."

चहा आला, तोही असा की चमचा उभा राहावा. डिम्फ्नाने सगळं सांगितलं. फीत, आईचा आवाज, बार्टलीचं हसणं. कल्हईवाले हा शिवीसारखा शब्दही तिने गाळला नाही. विनीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"वाजव बघू ती रील," विनी म्हणाली.

डिम्फ्नाने पिशवीतून पेटी काढून वाजवली. पहिला भाग ऐकून विनीने मान डोलावली, दुसऱ्या भागाला हात वर केला. "चुकतंय. वर जाऊन लगेच खाली येत नाहीत, तिथे जरा रेंगाळायचं." आणि टेबलावर बोटांनी ठेका धरून तिने ती रील तोंडाने म्हटली, डिडल-डी, आऊडल-डी, फिरस्त्यांच्या बायका म्हणतात तशी नाकातून, एका दमात. त्या रेंगाळण्याने सगळी धूनच पाठीचा कणा ताठ केल्यासारखी वाटायला लागली.

"नोनीने तुला हीच शिकवली?" डिम्फ्नाने विचारलं.

"हीच. पण तू म्हणतेस ते नाव नाही हं. आमच्याकडे आम्ही हिला 'डीलियाची' म्हणतो."

डिम्फ्नाच्या हातातली पेटी उसासा टाकून मिटली.

"कोणाची?"

"डीलियाची. आजी सांगायची, खुराड्यात लपून वाजवणारी एक बाई होती ड्रमकॉरला. सासूला वाटायचं, सून कोंबड्यांना दाणे टाकतेय. आजी खुराड्याबाहेर बादल्या ठोकत बसायची, मुद्दाम जोरात, आतला आवाज घरात जाऊ नये म्हणून. तिच्याकडून घेतली म्हणायची. मी शंभर वेळा ऐकलंय. ती तुझी आई होय?"

डिम्फ्नाने मान डोलावली. मीच म्हणालो, "म्हणजे ही म्हणते तिची आणि ती म्हणते हिची."

"पोलिसापुढे दोन चोर एकमेकांवर ढकलतात तशी," विनी म्हणाली आणि एवढ्या मोठ्याने हसली की शेजारचा कुत्रा भुंकला. मग डिम्फ्नाकडे बघून तिचं हसू थांबलं. तिने किटली उचलली आणि न विचारता तिचा कप पुन्हा भरला.

निघताना डिम्फ्ना म्हणाली, "उत्सवाच्या रविवारी बार्टलीजमध्ये ये. संग्रहालयाची माणसं येणार आहेत, वाजवणं टिपून घ्यायला. आपण दोघी ही रील देऊ."

"त्या पबात? मी?" विनीने कड्या हलवल्या. "बाई, माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही नुसता चहा मागायला गेलो होतो तिथे. अख्खा पब रिकामा, आणि जरलथ म्हणतो, आज जागा नाही. पुन्हा अडवलं तर?"

"तर मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय," डिम्फ्ना म्हणाली. "तीस वर्षं तिथे बसतेय मी. कधी बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे बघायचं नव्हतं."

पुढच्या मंगळवारी तिने समितीपुढे सगळं ठेवलं, जसंच्या तसं. ऑर्नाने लिहून दिलेलं बोलणं वाचून दाखवलं, विनीकडची गोष्टही सांगितली. तिने मागणी केली की दगडावर 'नोनी कॉली आणि डीलिया लोहन यांची रील' असं यावं.

जरलथने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "डिम्फ्ना, मला तुझं कौतुक वाटतं. पण तूच बघ. तुझी आई म्हणते माझी नाही. ती दुसरी म्हणते माझी नाही. माझा आजोबा एकटा म्हणतो, माझी. मग आपण कोणाचं लिहायचं?"

"तुझ्या आजोबाने थट्टेत म्हटलं ते! आणि ज्यांना रीत माहीत होती त्यांनी स्वतःचं नाव लावलं नाही, म्हणून त्यांची नाही?"

"मी मत घेतो," जरलथ म्हणाला.

चार हात त्याच्या बाजूने वर गेले. डिम्फ्नाचा एक विरुद्ध. माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. मी हात वरही केला नाही आणि खालीही ठेवला नाही. मी नाक खाजवलं. वहीत 'एक तटस्थ' असं माझ्याच अक्षरात आहे. डिम्फ्ना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "खाजव, खाजव." त्यानंतर दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही.

उत्सवाच्या रविवारी प्रार्थना आटोपून गाव चौकात जमलं. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, जरलथने कापड ओढलं. दगड चांगला होता, खोटं कशाला बोलू. 'बार्टली गेराटीची रील'. टाळ्या झाल्या, पावसाची सर आली, आणि सगळे पबात घुसले. आत ऑर्ना यंत्र मांडून बसली होती. एकेकाने वाजवायचं, आधी आपलं नाव, धुनेचं नाव आणि ती कोणाकडून घेतली ते सांगायचं. तिसरा नंबर डिम्फ्नाचा, चौथा माझा.

डिम्फ्ना उशिरा आली. विनी बरोबर होती. निळा कोट, केस नीट बांधलेले. उंबऱ्यातच जरलथ आडवा झाला.

"डिम्फ्ना, तू ये आत. पण आज खाजगी कार्यक्रम आहे. जागा नाही."

आत निदान पंधरा स्टुलं रिकामी होती. प्रत्येकजण आपापल्या पेल्यात बघू लागला.

"ही माझ्याबरोबर आहे," डिम्फ्ना म्हणाली.

"मला कळतंय. पण नियम मी केलेला नाही."

"मग कोणी केलाय? नाव सांग त्याचं. या गावात सगळ्याला कोणाचं तरी नाव असतं ना?"

जरलथ हसला, पण या खेपेला ते हसू त्याला नीट जमलं नाही. विनीने डिम्फ्नाचा दंड धरला. "चल बाई. मी म्हटलं नव्हतं?"

"बघितलं मी," डिम्फ्ना म्हणाली. पाठ फिरवण्याआधी ती खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "ऑर्ना, पोरी, तिसरा नंबर माझा आहे. मी समोरच्या भिंतीवर बसतेय. वाजवणारा जिथे असेल तिथे यायचं तुमचं काम असेल तर ये. नसेल तर राहा."

ऑर्नाने जरलथकडे बघितलं. मग वायर काढली, छोटं यंत्र गळ्यात अडकवलं आणि त्याच्या बाजूने निघून गेली.

दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. नव्या दगडाच्या शेजारी चौकातली बुटकी भिंत, तिच्यावर दोघी, डिम्फ्नाची पिशवी मध्ये. ऑर्ना समोर उकिडवी बसली, कागद गुडघ्यावर.

"धुनेचं नाव?"

"नोनी कॉलीची रील," डिम्फ्ना म्हणाली. एकेक शब्द असा, की पाद्रीबाबांनाही ऐकू जावा.

"डीलिया लोहनची," विनी म्हणाली.

"विनी, तू मध्ये पडू नकोस. माझ्या आईने सांगितलंय."

"आणि माझ्या आजीने सांगितलंय. तुझी आई घरात राहायची म्हणून ती खरी होय?"

"तसं म्हणाले का मी? नोनीचंच नाव लागलं पाहिजे. साठ वर्षं उशीर झालाय."

"नोनीने मला बजावलं होतं, नाव बदललंस तर भुतासारखी मागे लागेन. तू तिला ओळखत नाहीस, ती लागेल!"

"आपण मग ठरवू," ऑर्ना बिचारी म्हणाली. "कागदावर एकच ओळ आहे."

"मग दुसरी आख!" दोघी एकदम ओरडल्या.

चौकातून जाणारी माणसं थबकली. ड्रमकॉरमध्ये गावातली बाई आणि फिरस्ती बाई असं तावातावाने भांडताना कोणी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही अशा गोष्टीवरून. ऑर्नाने दुसरी ओळ आखली. मग पेटीने श्वास घेतला. डिम्फ्नाने दुसऱ्या भागात विनीसारखं रेंगाळायला सुरुवात केली होती. दोन आठवडे माझ्याशी न बोलता तिने तेच घोटलं असावं. वर विनीचा नाकातला आवाज. पाऊस पडतच होता, दोघींपैकी कोणी हलली नाही.

जरलथ आत वळला. "चला, चौथा नंबर. मॅलाकी, तू वाजव. ती मुलगी येईल आता परत."

माझ्या हातात माझ्या बासरीचे तीन सुटे भाग होते. मी ते जोडले. मला लाज वाटत होती. नाक खाजवल्याची, आणि त्याआधीच्या तीस वर्षांची. मी उठलो आणि दाराकडे गेलो.

"मॅलाकी, बाहेर गेलास तर समितीला नवा चिटणीस बघावा लागेल," जरलथ हळूच म्हणाला.

"वही खिडकीत आहे," मी म्हणालो. "तटस्थ लिहिलंय ते खोड. मी विरुद्ध होतो."

चौक ओलांडून भिंतीपाशी पोहोचलो तेव्हा रील तिसऱ्यांदा फिरत होती. डिम्फ्नाने माझ्याकडे बघितलं नाही. वाजवता वाजवता तिने कोपराने पिशवी पलीकडे ढकलली आणि मी ओल्या भिंतीवर बसलो. पहिला भाग त्यांच्याबरोबर नीट वाजवला. दुसऱ्या भागात माझ्या बोटांना पन्नास वर्षांची सवय. ती वर जाऊन सरळ खाली आली, आणि दोघी वरच राहिल्या. बासरी एकटीच पुढे पडली, अगदी उघडी.

"चुकला!" विनी म्हणाली.

डिम्फ्ना थांबली नाही. ऑर्नाचं यंत्र चालू होतं, पबच्या दारात जरलथ उभा होता, आणि त्याच्या मागे दोघं-तिघं आपापली वाद्यं हातात घेऊन उभी होती, बाहेर यावं की न यावं या विचारात.

"पुन्हा," डिम्फ्ना म्हणाली. "पहिल्यापासून."